जावेचा निगेटिव्ह रिपोर्ट

आमच्या वाडीत गुरांच्या गोचिडी हातानंच काढतात. कानाच्या आत, आचळांच्या मागं, शेपटीच्या बुडाशी बोटं घालून एकेक उपटायची आणि नखावर नख दाबून चिरडायची. लग्न होऊन आले तेव्हापासून ते काम माझ्याकडे. धाकटी जाऊ मुंबईत वाढलेली. दोन वर्षांमागं दिराला नोकरीपायी तिकडंच ठेवून पोरीला घेऊन वाडीत राहायला आली. तिला गोठ्याची भारी किळस. मी चिडवायचे, "राणीसरकार, शेण काय चावत नाय गो!" ती नाक धरून हसायची आणि शेण उचलायचीच.

मग पोलादपूरहून तपासणीवाले आले. गुरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात गोचीड-तापाच्या खुणा आहेत का, ते त्यांना बघायचं होतं. सगळ्यांनी दंड पुढे केले. महिन्याभरानं त्यांच्यातली एक बाई कागद घेऊन चावडीवर आली. माझा पॉझिटिव्ह, जावेचा निगेटिव्ह. मी घाबरून म्हटलं, "अहो बाई, मला कधी साधा तापपण आला नाय!"

त्या बाईनं समजावलं. ते जंतू माझ्या अंगात कधीतरी येऊन गेले असणार, काहीच त्रास न देता. आता मी आजारी नाही, औषधही नको. आणि निगेटिव्ह म्हणजे फक्त आजवर खूण सापडली नाही. उद्या गोचीड चावली तर ताप येऊ शकतो. हे शेवटचं मनावर घेतलं कोणी? आम्ही दोन इंग्रजी शब्द धरून घरी आलो.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी कामं फिरवली. मला म्हणाल्या, "तुझं रक्त बिघडलंय, तू गोचिडींना हात लावू नको. हिचं साफ हाय, ही काढील." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी केलं, आता करू दे की तिला! चिरडायचं कसं, तेही मीच शिकवलं.

चार महिन्यांनी तिला ताप भरला. "ताई, डोकं फुटतंय," म्हणत पडून राहायची. तिसऱ्या दिवशी मनगटांवर, घोट्यांवर लाल पुरळ उठलं, मग तळहातांवर. गोचीड-तापाचं कोणाच्या मनातही आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, उष्णता असेल, महाडजवळ सव गावाला गरम झऱ्याच्या कुंडात न्हाली की जाईल. तिला घेऊन मीच गेले. भर तापात तिच्या अंगावर ते पाणी ओतलं. ती "नको ना ताई" म्हणत होती आणि मी म्हटलं, "नखरे पुरे." जळो माझी जीभ!

तिथून रिक्षानं महाडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "गुरं आहेत का? गोचीड वगैरे चावली?" मी शहाणी, पिशवीतून तिचा कागद काढून पुढे केला. "तो ताप हिला नाय डॉक्टर. टेस्ट झालीय, निगेटिव्ह हाय." त्यांनी कागद बघितला आणि मलेरिया, डेंगीच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात. मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तळहात उघडून बघितले, तो कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा चार महिन्यांपूर्वीचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि ताप आत्ताचा आहे ना?"

औषध लगेच सुरू केलं. साधं औषध, आधीच मिळालं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं म्हणे. मी त्या व्हरांड्यात बसून देवाला काय काय कबूल केलं! माझा जीव घे म्हटलं, खरंच म्हटलं. दीर मुंबईहून पोचला तेव्हा तिची लघवी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर तिच्या पोरीनं मला गाठलं. दहा वर्षांची आहे.

"मोठी आई, तुझ्या रक्तात होतं तर तुला काय झालं नाय. आईच्या रक्तात नव्हतं, मग आई कशी गेली?"

मी तिला सगळं समजावलं, त्या तपासणीच्या बाईनं सांगितलं होतं तसंच, शब्दन् शब्द. पोरीला एका दमात कळलं.

"म्हणजे तुला हे सगळं आधीच सांगितलं होतं?"

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती मागं सरली.