तिसऱ्या हाकेला ओ

गणपती गेले की पेण एकदम मोकळं होतं. मी भावाच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवते. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. गणपतीआधी कित्येक महिने मला शनिवार कुठला आणि रविवार कुठला याचा पत्ता नसतो. अनंत चतुर्दशी झाली की हात रिकामे होतात, आणि मग आश्विन-कार्तिकातल्या सुट्ट्यांना आम्ही नवरा-बायको डोंगरात पळायला जातो. तंबू ठोकतो, राहतो, दुसऱ्या दिवशी घरी येतो. पन्नाशीला टेकलेल्या जोडप्याचं हे वेड बघून रामवाडीतल्या आमच्या शेजारणी तोंडाला पदर लावतात. लावोत बिचाऱ्या. त्यांचे नवरे रविवारभर सोफ्यावर लोळतात, त्याला त्या काय लावतात ते मी विचारायला जात नाही.

पण यंदाचा शरद काही गोड गेला नाही. नवऱ्याला ऐकू येईनासं झालं होतं आणि तो ते कबूल करत नव्हता. मला एवढंच हवं होतं की डोंगरात काही भलतंसलतं व्हायच्या आत त्याने ते मान्य करावं. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते, लिहिताना तो म्हणते. त्याने हे वाचलं तर बघून घेऊ.)

पळण्याचं खूळ त्याचंच. डोलवीच्या अलीकडे एका वर्कशॉपात तो कंत्राटावर फिटर आहे. डॉक्टरांनी साखर काठावर आलीय म्हणून दम दिला, त्याच सुमारास वर्कशॉपातली चार-दोन माणसं रविवारी डोंगर पळत चढायला लागली होती, हाही त्यांच्यात शिरला. केशरी रंगाचे बूट घेतले. जन्म इथल्याच जिते गावाजवळच्या खेड्यात, सगळं बालपण डोंगरात अनवाणी गुरांमागे; आणि आता त्याच दगडांवर पळायला ह्याला खास बूट लागतात म्हणून मी त्याची पुष्कळ टर उडवली. पहिल्या वेळी मी फक्त डबा घेऊन पायथ्याशी बसले. बसून कंटाळले म्हणून पुढच्या वेळी चढले. आणि मग मला ते आवडायलाच लागलं. माझं पळणं म्हणजे घाईने बाजारात निघालेली बाई, पण श्वास लागला की डोक्यातली रंगांची पिवळी-लाल पिंपं रिकामी होतात. असं सुख मला घरात कधी मिळालं नव्हतं.

तो पुढे, मी मागे. वळणावर दिसेनासा झाला की मी ओरडायचे, "अहोऽऽ!" आणि वरून त्याची ओ यायची. एवढ्या आधारावर आम्ही रानातून जायचो.

ह्या ओ देण्यालाही एक नियम होता, आणि तो माझ्या सासूबाईंचा. आम्ही पहिल्यांदा तंबू घेऊन निघालो तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं, "रानात नावानं हाक मारू नको गो. आन् कुनी हाक मारली तर पयल्या हाकेला ओ देव नको. तिसऱ्या हाकेला दे. जे मानूस नाय ते तीनदा हाक मारत नाय." मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. फक्त डोंगरात ठेवते.

नवऱ्याने मात्र आईचा नियम अगदी काटेकोर पाळला. पहिल्या हाकेला चूप, दुसऱ्या हाकेला चूप, तिसरीला "ओऽऽ!" माझा घसा कोरडा पडायचा. गेल्या वर्षापासून तिनाच्या चार झाल्या, चाराच्या पाच. मी तणतणत वर पोचले की तो खडकावर आरामात बसलेला असायचा.

"पाच हाका मारल्या मी!"

"मला तर आत्ता तिसरी आली. आदल्या दोन तुझ्या नसतील."

आणि हसायचा. मीही हसायचे. भुताच्या नावावर खपवलेल्या गोष्टीवर वाद कोण घालणार?

पण घरात भूत नव्हतं. घरात कुकरच्या शिट्ट्या होऊन भाताची खीर व्हायची आणि हा गॅसशेजारी पेपर वाचत असायचा. टीव्हीचा आवाज शेजारणीकडे पोचायला लागला. भात घालू की भाकरी, असं विचारलं तर "व्हय" म्हणायचा. भांडण काढावं तर त्यालाही व्हयच. आणि सगळ्यात आधी मला कळलं ते डोळ्यांवरून. आखणी करणाऱ्या बाईला नजर कुठे आहे ते सांगावं लागत नाही. मूर्तीची बुबुळं केसभर खाली गेली तर देव समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, तोंडाकडे बघतो. असली मूर्ती आम्ही पुसून पुन्हा करतो. माझा नवरा माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघायला लागला होता.

मी म्हटलं, कान दाखवून घेऊ. तो भडकला. वर्कशॉपात कानात घालायला बोंडं देत होते, ती हा वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरला, हे मला त्याच्या पँटी धुताना ठाऊक. तो विषय काढल्यावर तर आणखीच भडकला. त्याच्या भडकण्यामागे काय आहे ते मला समजत होतं. वर्षातून एकदा वर्कशॉपातर्फे मेडिकल असते. क्रेनचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाला शेडमध्ये कोण उभं करील? आणि ह्या वयात दुसरीकडे कोण घेईल?

"बरं, नका दाखवू," मी म्हटलं. "पण निदान डोंगरात पुढे पळू नका. माझ्यासोबत राहा."

"मंग काय बायकोच्या मागनं चालू?"

मला राग आला आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीच पुन्हा घासली.

कार्तिकातल्या एका शनिवारी आम्ही दुपारच्या गाडीने रोह्याला गेलो. अवचितगड त्याचा आवडता. वाट दाट झाडीतून चढते, ऊन लागत नाही, आणि पायथ्याच्या गावात एक ओळखीचे शेतकरी आहेत, ते भात कापलेल्या शेताच्या कडेला तंबू लावू देतात. गेल्या वर्षीपर्यंत ह्या प्रवासात आम्ही इतकं बोलायचो की नागोठणं कधी गेलं ते कळायचं नाही. ह्या वेळी तो एकटाच बोलत होता. बूट कुठले चांगले, रोह्याच्या पुढे नदीकाठी कसे तंबूच तंबू झालेत, मुंबईची मंडळी पाठीवर पाण्याच्या पिशव्या लावून कशी पळतात. मी एकदोनदा मध्ये काही म्हटलं, ते त्याने बाजूला सारलं आणि पुढे सुरू. मग माझ्या ध्यानात आलं. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मला फार एकटं वाटलं.

संध्याकाळी शेतात कापलेल्या भाताचा वास होता. भारे अजून बांधावर पडले होते. दिवसभराची काहिली उतरून हवा जरा बरी झाली होती, तरी मला काही गोड लागत नव्हतं. तो माझ्याकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करून बसला होता, बुटाच्या नाड्या ओवत. मी त्याच्या मागे छोट्या स्टोव्हवर चहा ठेवला.

"साखर घालू का?" मी विचारलं. तो दोन वर्षं बिनसाखरेचा चहा पितो.

तो नाडी ओवत राहिला.

"मी घरी चालले."

काही नाही. मग मी ते म्हटलं, इतके महिने जिभेवर असलेलं. "तुम्ही बहिरे झालात हो." अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं. त्याच्या पाठीत, मानेत, कुठे काही हललं नाही. त्याने नाडी ओढली, गाठ मारली, आणि ती बरी बसली म्हणून मान डोलावली. मी चहा गाळला आणि त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

मला बघून म्हणाला, "काय म्हनलीस काय?"

"काही नाही. सुकटीची चटणी आहे भाकरीबरोबर."

"व्हय," तो म्हणाला.

सकाळी उजाडताच निघालो. तो पुढे. अडवून उपयोग नव्हता. झाडीत अजून अंधारल्यासारखं होतं, पाचोळा दवाने ओला. अर्धी वाट चढल्यावर मला थांबणं भाग पडलं. बायकांना रानात आडोसा बघावा लागतो, तो काही वाटेवर मिळत नाही. "थांबतेय होऽऽ!" असं ओरडून सांगितलं, ओ आली नाही, केशरी बूट वळणाआड गेले. मी वाट सोडून कारवीच्या झुडपांच्या दाटीत शिरले.

मी तिथे असतानाच पावलं खाली येताना ऐकू आली. मी मागे नाही हे त्याला बघून कळलं असणार. वाटेवर उभा राहून त्याने हाक मारली, "अगोऽऽ!"

नियम-बियम काही आठवला नाही. मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

"अगोऽऽ!"

"ओऽऽ! इथं आहे मी! आले!"

"अगो, कुठं हायस गो?"

"इथंच हो! कारवीत!"

दांड्यांमधून मला त्याचे बूट दिसत होते. मध्ये जेमतेम आमच्या घराच्या ओटीएवढं अंतर होतं. बूट एकदा वरच्या बाजूला वळत होते, एकदा दरीच्या बाजूला. मी जिवाच्या आकांताने ओ देत होते आणि तो हाका मारत होता, आमच्या दोघांचे आवाज त्या रानात एकमेकांवर आदळत होते, आणि त्यातला एकच त्याला माहीत होता. मग त्याचा आवाज बदलला. तो दरीच्या कडेशी गेला, खाली वाकला आणि त्याने माझं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर ते मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रानात, नावाने, रडत.

मी कपडे सावरत, कुडता काट्यांत फाडून घेत वाटेवर आले. अंगावर धावून यावं तसा तो आला आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"ओ नाय द्यायची काय गो? तिसरी हाक झाली, चौथी झाली, किती बोंबललो मी!"

"दिली."

"कवा?"

"पहिल्याच हाकेला."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. पहिल्या. हाकेला. त्याने माझे खांदे सोडले आणि तो वाटेतच खाली बसला. 'मी सांगत नव्हते का' हे अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. शेजारी बसले.

मग तो बोलला. गेल्या वर्षी मेडिकलला त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांना हेडफोन लावले होते. आवाज आला की बटण दाबायचं. त्याला आवाज येत नव्हता, पण काचेतून मशीनवरच्या पोरीचा हात दिसत होता. तिचा हात हलला की ह्याने बटण दाबलं. पास झाला. हे त्याने मला पाचोळ्याकडे बघत सांगितलं, म्हणजे मी काय म्हणेन ते त्याला दिसू नये.

"डाक्तरला दाखवू," शेवटी तो म्हणाला. "नोकरी जाईल ती जाईल." मी त्याचा हात धरला.

मला वाटलं आता खाली उतरायचं. पण तो उठला आणि मला पुढे ढकललं. "तू हो पुढं."

मी म्हटलं, मला वरची वाट नीट ठाऊक नाही.

"वाट मी दाखवीन. तू निस्ती दिसत ऱ्हा."

अशी मी पहिल्यांदा त्याच्या पुढे पळाले. पळाले कसली, दर वळणाला थांबून मागे वळून बघत होते. तो येताना दिसला की पुढे निघायचं. त्याला माझ्या पावलांनी चालावं लागत होतं आणि तो एकदाही कुरकुरला नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन आलं होतं. गवत पिवळं पडायला लागलं होतं. आम्ही तटाला टेकून बसलो. खाली कुंडलिका, रोहं, कापलेली शेतं. तो कितीतरी वेळ मान तिरकी करून बसला होता, आणि मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाला, "आता काय काय वाजतंय ते सांग."

मी कान दिला. मागच्या झाडीत बुलबुलांचा नुसता कल्ला चालला होता. खालच्या गावात कोणाचं तरी भातझोडणीचं यंत्र सुरू झालं होतं, कुत्रं भुंकत होतं, देवळात घंटा झाली, आणि लांब रोह्याच्या स्टेशनात गाडीने शिट्टी दिली.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काही नाही," मी म्हटलं. "अगदी शांत आहे."

"व्हय," तो म्हणाला. "शांत हाय."