टाकावरची आजी

आमच्या घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या लहानशा पत्र्यावर ठशाने उठवलेली आकृती. ती देव्हाऱ्यात बसते आणि दसऱ्याला देवांबरोबर उजळली जाते. आजोबा गेले त्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं. वडील मुंबईला गिरणीत, आणि मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. म्हणून मला महाडचा बाजार कळतो असं सगळ्यांनी धरून चाललं. धाकट्या काकांनी एवढंच बजावलं होतं की घोडेस्वार करायचा, बाकीच्यांचे आहेत तसा.

सोनाराने दोन ठसे पुढे ठेवले. एक स्वाराचा, एक नवरा-बायकोच्या जोडीचा. आजी आहे का, त्याने विचारलं. काकांच्या वेळच्या बाळंतपणातच ती गेली, असं मी सांगितलं. मग तिचा टाक? तो केलेलाच नव्हता. का, ते मला कधी कोणी सांगितलं नाही. वडिलांनाही ती आठवत नाही. या खेपेला राहिली तर ती कायमचीच राहील, असं मनात आलं. पण काकांपुढे तिचा विषय कोणी काढत नसे.  तरी मी जोडीवर बोट ठेवलं.

पोलादपूरच्या एस.टी.त टाक तांदळात घालून, पंच्यात बांधून मांडीवर धरला होता. वाटेत तो खाली टेकवायचा नसतो.  उठलेला ठसा आता परत फिरवता येत नाही, हेच डोक्यात.

घरी काकांनी पंचा सोडला.

"हे कोनी सांगितलं रे तुला?"

 "ही आजी," मी म्हणालो.

ते टाक घेऊन दाराच्या उजेडात गेले. बाईच्या तोंडावरचा तांदळाचा कोंडा त्यांनी अंगठ्याने पुसला आणि तसेच पाठमोरे उभे राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"अशीच होती का, कोनाला ठाव," ते म्हणाले. मग आईला, "वयनी, हिला कुंकू लाव गो."

आकृती इतकी लहान, की कुंकू तोंडभर पसरलं.

यंदा दसऱ्याला चिंचेने टाक घासताना माझा हात आजीच्या तोंडाशी थबकला. जुन्या स्वारांची तोंडं घासून घासून गुळगुळीत झाली आहेत. हिचं किती टिकेल? निदान माझ्या पोरांना दिसायला हवं.