रुपरावांची चार इंच कंबर

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. हुडकेश्वरले आमच्या फाटकावर पाटी आहे, तिथं वाचा: रुपराव. तीस वर्षं बस चालवली. स्टिअरिंग पोटाले लागे म्हणून सीट मागं सरकवत सरकवत रिटायर झाले. मागच्या वर्षी छातीत कळ आली अन् दोन स्टेंट बसले. मी इतकी घाबरली होती का दवाखान्यातून कोणाची चप्पल घालून आली, मले आजही माहीत नाही.

तिथल्या डॉक्टर दीप्ती मॅडम हृदयाच्या पेशंटच्या रक्तातले चरबीचे हार्मोन तपासून राहिल्या होत्या. त्यायनं सांगितलं का पोटातली चरबी नुसती बसून नाही राहत, लेप्टिन नावाचं हार्मोन बनवते. पोट भरलं, आता पुरे, हे मेंदूले कळवणं त्याचं काम. ह्यायच्या रक्तात लेप्टिन ढीगभर, पण मेंदू ऐकूनच नाही राहिला. मी म्हटलं, मॅडम, पस्तीस वर्षं मीही पुरे म्हणून राहिली, माझं तरी कोणतं ऐकलं?

ह्यायले मात्र त्या रिपोर्टचा अभिमानच. सक्करदऱ्याच्या तलावावर ज्याले त्याले सांगत, आपलं लेप्टिन लय हाय आहे. एका म्हाताऱ्यानं कोणत्या दुकानात मिळते म्हणून विचारलं.

मॅडमनं बजावलं होतं, सहा महिन्यांत कंबर कमी नाही झाली तर दुसऱ्या झटक्याची भीती आहे. टेप हातात होता म्हणून माझीही मोजली अन् लिहून ठेवली.

मग मी ह्यायले पाच पोळ्यांवरून दोनवर आणलं. पण हात जुना, कणीक पहिल्याइतकीच मळल्या जाये. उरलेल्या तीन फेकायच्या कशा? पाहुण्यायनं आणलेली संत्रा बर्फी, ह्यायच्या वाटची भाजीवरची तेलकट तर्री, सारं मी ओट्यापाशी उभ्यानं संपवे. उभ्यानं खाल्लेलं आम्ही बाया जेवणात धरतच नाही.

सहा महिन्यांनी टेप लागला. ह्यायची कंबर चार इंच कमी, रक्तही सुधारलेलं. हे साऱ्या वॉर्डाले नमस्कार करून राहिले. मग मॅडमनं माझी मोजली, जुना कागद पाहिला, पुन्हा मोजली. बरोब्बर चार इंच जास्त. चरबी आमच्या घराबाहेर गेलीच नव्हती. वरून रक्त तपासलं तं माझी साखरही वाढलेली निघाली. मले हसू आलं, पण हे हसले नाहीत.

संध्याकाळी मी परातीत कणीक घेतली, तं हे पहिल्यांदा ओट्यापाशी आले अन् अर्धी कणीक डब्यात परत टाकली.

"माह्यासाठी तू मरशील काय वं? मी एकटा काय करू?"

मले रडूच आलं. मग दोन ताटं समोरासमोर वाढली, त्यायनंच. जेवणं झाली, टोपल्यात एक पोळी उरली. सवयीनं माझा हात तिकडं गेला.

"पुरे," हे म्हणाले.

मी हात मागं घेतला. पोळी फाटकावर आलेल्या गाईनं खाल्ली.