बारा ते सहाची पाळी

दागनीने अखेर कॉफीसुद्धा सोडली. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने नवरा सोडला होता, चर्चला जाणं सोडलं होतं, एका वर्षी तर महिनाभर लोणीही सोडलं होतं. पण काळ्या कॉफीची किटली चुलीवरून कधी उतरली नव्हती. ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उतरली आणि तिच्या जागी, झोप आणतात म्हणे त्या व्हॅलेरियनच्या मुळ्यांचं पाणी उकळायला लागलं. त्या मुळ्यांना ओल्या मोज्यांचा वास येतो. नाक दाबून तिने तो काढा आठ दिवस घेतला. झोप आली नाही ती नाहीच, वर कॉफीवाचून डोकं ठणकायला लागलं.

ग्रोहोल्म बेटावर आता कायमची वस्ती नाही. एप्रिलात आयडर बदकं समुद्रावरून तिथे अंडी घालायला येतात, आणि त्यांच्या दोन दिवस आधी दागनी आणि तिची थोरली बहीण हेरदिस येऊन राहायच्या. पणजीच्या काळापासूनची ही रीत. बदकं रानटी, कुणाच्याच मालकीची नाहीत. त्यांच्यासाठी दगडांची आणि वाहून आलेल्या फळ्यांची बुटकी घरं बांधायची, आत वाळवलेलं समुद्रशेवाळ अंथरायचं, आणि मादी अंड्यांवर बसली की पिल्लं निघेपर्यंत पहारा करायचा. मादी आपल्या छातीची मऊ लव उपटून घरट्यात घालते. पिल्लं पाण्यात उतरली की ती लव माणसांनी घ्यायची, हा मोबदला. साठ-पासष्ट घरट्यांची लव हाताने साफ केली की एक रजई होते. त्या रजईत झोपणारे सांगतात की अंगावर काही आहे असं वाटतच नाही आणि सकाळपर्यंत कूससुद्धा बदलावी लागत नाही. दागनीच्या हातून अशा चाळीसेक रजया झाल्या होत्या आणि ती स्वतः टोचऱ्या लोकरीच्या घोंगडीत टक्क जागी पडून होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. फक्त जूनमध्ये दूर उत्तरेतल्या त्या बेटावर सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधार तेवढा मिळत नाही.

बदकाचा विश्वास बसतो तो माणसाच्या सवयींवर. म्हणून दोघी बहिणी चौतीस उन्हाळे तीच तपकिरी जाकिटं घालत आल्या. दोरीवर कपडे फडफडू द्यायचे नाहीत, हातोडा मारायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही. आणि बेट क्षणभरही एकटं सोडायचं नाही, कारण मिंक. मुंगसाएवढं ते जनावर पोहत येतं, तासाभरात वीस माद्या मारतं आणि खातं एखादीच. त्याच्यासाठी डोळ्यांत तेल घालून पहारा. पाळ्या ठरलेल्या: रात्री बारा ते सहा हेरदिस, सहा ते दुपारी बारा दागनी, मग पुन्हा तसंच. सकाळी सहाला हेरदिस आत यायची आणि पलंगाच्या फळीवर दोन ठोके मारायची. दोन ठोके म्हणजे ऊठ, आता तुझी पाळी. "बाहेर ठीक?" असं दागनी डोळे न उघडताच विचारायची. ठीक असलं की एक ठोका. हेरदिस शब्दांच्या बाबतीत पहिल्यापासूनच चिक्कू.

फेब्रुवारीत हेरदिसच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिला किनाऱ्यावरच्या गावात वृद्धाश्रमात ठेवलं आणि वीस एप्रिलला दागनी एकटीच बेटावर उतरली. त्या रात्रीपासून तिची झोप उडाली.

पहाऱ्याचं म्हणाल तर, एकटीला चोवीस तास जागणं शक्य नाही हे तिलाही कळत होतं. रात्री बारा ते सहा पडायचं, बाकी वेळ फिरायचं, असं तिने ठरवलं. पण बारा वाजता पाठ टेकली की कान उभे राहायचे. लाट आपटली, उठून बघ. सीगल ओरडला, उठून बघ. काहीच वाजलं नाही, मग काहीच का वाजत नाही म्हणून उठून बघ. पहाटे सहाला ती गळून गेलेली असायची आणि तेव्हा पाळी तिचीच असायची.

उपाय कमी झाले नाहीत. झोप न येणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला सगळं गाव जागं असतं. शेजारच्या बेटावरच्या दुकानदाराने गरम दुधात मध सांगितला. टपालवाल्याने सांगितलं, पाय कढत पाण्यात आणि मग थेट समुद्रात. बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची फुलं भरलेली उशी कुणीतरी पाठवली. ती डोक्याखाली घेतल्यावर दागनीला शिंका सुटल्या. खिडकीतून उजेड येतो म्हणून तिने काचांना डांबरी कागद लावला. हातोडा चालत नाही, म्हणून पिठाच्या खळीने चिकटवला. आत गुडूप अंधार झाला आणि त्या अंधारात ती आणखी स्वच्छ जागी राहिली. दवाखान्यातून छापील कागद मिळाला होता: ठरावीक वेळी निजा, दुपारी झोपू नका, दिवसभर चाला, चिंता बाहेर ठेवा. चालण्याचं काय सांगता, ती दिवसाचे अठरा तास चालत होती! आणि चिंता बाहेरच होती, यंदाच्या एकोणीस घरट्यांत बसलेली.

डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या होत्या. त्या तिने खणात टाकल्या. गोळी घेऊन आपण मेल्यासारखं पडलो आणि बाहेर मिंक आलं तर? औषध हवं ते असं, की दाराच्या पायरीखाली घरटं केलेली मादी ओरडली तर जाग यावी. म्हणून मुळ्या, फुलं, दूध आणि पाय बुडवणं. झोपेची नोंद करायला दिलेल्या वहीत तिने तीन दिवस खरं लिहिलं: शून्य, पाऊण तास, शून्य. मग तिची तिलाच लाज वाटली आणि ती सात, साडेसहा, सात असं लिहायला लागली. लिहिताना तेवढं बरं वाटायचं.

आठ जूनला, नाइलाजाने बेट तासभर एकटं टाकून, दूध आणायला ती होडी घेऊन दुकानावर गेली आणि परत येताना सुकाणू हातात असतानाच तिची मान पडली. होडी खडकावर चढली. एका कोळ्याने तिला ओढून काढलं. कपाळाला पाच टाके पडले. संध्याकाळी हेरदिसच्या मुलीचा, मेरेटेचा फोन आला.

"मावशी, फोनवर मला वहीतले सात तास वाचून दाखवतेस आणि होडीत पेंगतेस?"

"डुलकी लागली गं जराशी."

"डुलकी! पाच टाके पडले त्याला डुलकी म्हणतात? आई तिथं तशी पडलीय. आता तुलाही तिच्याच शेजारच्या खाटेवर बघू का मी?"

"तीन आठवड्यांत पिल्लं पाण्यात जातील. तोवर तरी..."

"ऐक माझं. तेवीस तारीख, रविवार, सेंट हान्सचा सण. तोपर्यंत एक रात्र सलग झोपून दाखव. नाहीतर संध्याकाळी पाचला मी होडी घेऊन येते आणि तुला उचलून नेते. बदकं गेली उडत."

"तेच तर होणार आहे," दागनी म्हणाली.

ते खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी जवळच्याच दुसऱ्या एका बेटावरचा राखणदार म्हातारा आजारी पडला आणि तिथला पहारा एकच उन्हाळा मोडला. तिथे आता बदकांची रिकामी दगडी घरं आहेत, बदक एकही नाही. ग्रोहोल्मवर पूर्वी दोनशे माद्या यायच्या, यंदा एकोणीस आल्या होत्या. त्या एकदा फसवल्या गेल्या की परत येणार नव्हत्या, आणि पणजीपासून चालत आलेलं सगळं दागनीच्या पेंगत्या डोळ्यांपाशी संपणार होतं.

मग ती झोपेच्या मागेच लागली. दूध, मध, काढा, उशी, पाय, सगळं एका रात्री एकदम केलं आणि पहाटे ओकली. जमिनीवर निजली. उलटे आकडे मोजले. लहानपणीची प्रार्थना म्हणाली, ती अर्ध्यावर विसरली, तेव्हा देवाला शिव्या दिल्या. एकदा ती हेरदिसच्या रिकाम्या पलंगाकडे बघून ओरडली, "तुलाच पडायचं होतं का? मला एकटीला टाकून?" आणि आवाजाने बदकं बिथरतील म्हणून लगेच स्वतःचंच तोंड दाबून धरलं. हेरदिसला फोन करणंही तिने सोडलं होतं. दर रविवारी चार वाजता ती लावायची, पलीकडे फक्त श्वास ऐकू यायचा, दोन वाक्यांपुढे हिला सोसायचं नाही आणि ती ठेवून द्यायची. गेले चार रविवार तिने लावलाच नव्हता.

बावीस तारखेच्या रात्री ती हरली. तिने खिडक्यांचा डांबरी कागद फाडून काढला, बॅग भरली, तपकिरी जाकीट घडी करून तळाशी घातलं. बारा वाजता शेवटची फेरी मारली. एकोणीसही माद्या जागेवर होत्या, तिच्याकडे बघून न हलणाऱ्या. तिला त्यांच्याकडे बघवेना. आत येऊन ती स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून राहिली.

दचकून उठली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बाहेर पांढरं धुकं, सगळीकडून सारखाच उजेड. म्हणजे आपण दिवसभर इथेच पडलो! सकाळची फेरी गेली, दुपारची गेली, आणि तासाभरात मेरेटे येणार. जूनच्या धुक्यात पहाट की दुपार हे जन्मभर तिथे राहिलेल्यालाही सांगता येत नाही. शहाणी माणसं त्यासाठी चोवीस आकड्यांचं घड्याळ लावतात. दागनीकडे आजोबांचं होतं, बारा आकड्यांचं. तिने धावत दार उघडलं. पायरीखालची मादी शांत बसली होती. मग आता एकच काम राहिलं: आपण बेट सोडतोय हे मेरेटे येण्याआधी हेरदिसला आपल्या तोंडाने सांगायचं. फोनवरचे बारीक आकडे तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हते. तिने सवयीने बटण दाबलं.

"मी दागनी. हेरदिसला द्या. रविवारचे चार, माझी वेळ आहे."

"अहो बाई, पहाटेचे चार वाजलेत!" पलीकडून रात्रपाळीची परिचारिका योरुन म्हणाली. "अख्खा आश्रम झोपलाय."

दागनीने घड्याळाकडे बघितलं, धुक्याकडे बघितलं. "माफ करा. माझं डोकं ठिकाणावर नाही. ठेवते."

"थांबा थांबा. अख्खा म्हणजे, तुमची बहीण सोडून. तुम्हाला एकदा सांगायचंच होतं. काय छळलंय हो तिने आम्हाला! रात्री बारा वाजले की उठून बसते. खुर्ची खिडकीपाशी न्या म्हणून खुणा, नाही नेली की पांघरूण फेकते. झोपेची गोळी दिली तर थुंकते, नेमकी माझ्या बुटावर. सहा वाजेपर्यंत समुद्राकडे बघत बसते, पापणी लवत नाही. आणि सहा वाजले की डाव्या हाताने पलंगाची दांडी बडवते, दोनदा. नाश्ता मागते. मी रोज लापशी गरम करून नेते आणि रोज ती तोंड फिरवते. मग सकाळभर घोरते. मुलगी येते दुपारी, तिला कुठलं दिसायला हे सगळं!"

"कधीपासून?" दागनीने विचारलं.

"एप्रिलपासून. वीस एप्रिल. आमच्या वहीत आहे."

दागनी बाकावरून खाली जमिनीवर बसली. मेरेटे बोलली असेल हेरदिससमोर, मावशी आज बेटावर गेली म्हणून, आणि तेवढं हिला पुरलं होतं.

"नाश्ता नाही हो मागत ती," ती म्हणाली. "मला उठवते."

योरुनला काही कळलं नाही, पण बाई भली होती. तिने फोन खुर्चीपाशी नेला. पलीकडे श्वास ऐकू आला, जड, ओळखीचा. चार रविवार आपण हा श्वास ऐकला नाही या विचाराने दागनीला स्वतःचा राग आला. एकोणीस घरटी, कपाळाचे टाके, भरलेली बॅग, सगळं सांगायचं होतं. त्याऐवजी तिने चौतीस उन्हाळे विचारलं तेच विचारलं.

"बाहेर ठीक?"

मग लोखंडी दांडीवर एक ठोका.

"मग मी पडू का गं थोडी?"

ठोका लगेच आला, जरा खेकसल्यासारखा.

तिथून हेरदिसला मिंक दिसणार नव्हतं, हे दागनीला कळत होतं. तेवढी वेडी ती झालेली नव्हती. पण तिला हेही कळलं की चौतीस उन्हाळे आपण बारा ते सहा झोपलो ते कुणीतरी आपल्यासाठी जागं आहे म्हणून, आणि दोन महिने आपण मुळ्यांमध्ये आणि उशीत जे शोधत होतो ते वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसून होतं. तिने फोन कानाशी तसाच ठेवला, बॅग डोक्याखाली ओढली आणि फरशीवर आडवी झाली. दूध नाही, काढा नाही, खिडक्या उघड्या आणि तोंडावर पांढरा उजेड. पुढचं तिला काही आठवत नाही.

ठक, ठक.

फोन गालाला चिकटला होता. घड्याळात सहा. दोनच तास झाले होते. पण तळाशी जाऊन आल्यासारखं डोकं रिकामं आणि हलकं होतं. पलीकडे योरुनचा आवाज येत होता, "आज नाही हो आणली लापशी, नाही आणली!" पाच वाजता मेरेटे येईल. तिला काय सांगायचं, रोज रात्री बारा वाजता कुणी कुणाला फोन लावून द्यायचा, ते सगळं पाच वाजता बघता येईल. दागनीने बॅग उघडली, वरचे कपडे बाहेर फेकले आणि तळाशी घातलेलं तपकिरी जाकीट ओढून अंगात चढवलं.

"उठले गं, उठले," ती फोनमध्ये म्हणाली. "आता तू झोप."