मावशीच्या कोपऱ्यातलं घड्याळ

काळ्या स्क्रीनवर माझं पोट चालतं. बांद्याच्या घरातली मागची खोली. एका बाजूला काजूची पोती, दुसऱ्या बाजूला सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आणि मधल्या फटीत हेडफोन लावून मी. लांबलांबच्या ऑफिसांतले बिघडलेले कॉम्प्युटर इथे बसून, आपल्या स्क्रीनवर उघडून दुरुस्त करायचे, हा माझा धंदा. घरातला मिक्सर बंद पडला, तर मात्र मला त्याच्याजवळ कोणी फिरकू देत नाही.

दुसऱ्याचा कॉम्प्युटर जोडला आणि आपल्यासमोर नुसतं काळं आलं, ही नेहमीची तक्रार. त्यांच्याकडे उजेड असतो, माझ्याकडे अंधार. कोणी लॅपटॉप मिटून ठेवलेला असतो, कोणी मॉनिटर बंद करून चहाला गेलेला असतो. मी ऑफिसातल्या मराठीत "सर, जरा वायर काढून परत लावता का?" म्हणते आणि बरेचदा तेवढ्यावर भागतं.

मावशीचा प्रकार उलटा होता.

मावशी विजयदुर्गाजवळ एकटी राहते. शाळेतून निवृत्त झाली, पण शिकवायचं सुटलं नाही. परदेशातल्या नातीला ती रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरून मराठी वाचायला शिकवते. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू इतका पिकलाय की त्या बाजूनं माणूस आला काय आणि म्हैस आली काय, तिला सारखंच. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "एक डोळो पुरो आसा. जगात बघूसारख्या आसा काय असा?"

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला तिचा फोन आला.

"गो, स्क्रीनीवर चिलटां बसतत. कितीय पुसलंय तरी हलनत नाय."

"उजेडाला येतात. खिडकी लाव."

पुढचा फोन आला तो विजांचा. भातकापणीच्या दिवसांत संध्याकाळी आभाळ गुरगुरतंच, म्हणून मी तिला प्लग काढून ठेवायला सांगितलं.

"पाऊस खंय आसा? दारां-खिडक्यो लावन बसलंय, तरी उजवेकडच्या कोपऱ्यात चमकता."

यावर मी तिला अर्थिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. चांगलं सविस्तर. माझं मलाच ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी मी ते एका गिऱ्हाइकालाही ऐकवलं.

मग एका दुपारी ती म्हणाली, "कोपऱ्यातला घड्याळ खंय गेला? स्क्रीन उजवेकडसून काळी पडत इली हा."

मी तिचा कॉम्प्युटर इकडे जोडला. नातीचा दात पडलेला फोटो, डावीकडे धड्यांची चित्रं आणि खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ. सगळं लख्ख.

"मावशी, घड्याळ आहे जागेवर."

"तुका दिसता?"

"दिसतं तर."

"मगे माका कित्याक दिसत नाय?"

मी कामाला लागले. स्क्रीनचं माप बदललं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग म्हटलं, "मागची वायर बघ, सैल असेल."

"वायर घट्ट आसा. तुझा डोक्याच सैल झाला."

तरी काळं हटेना. उलट मघाशी दिसत होता तो नातीचा उजवा कानही आता दिसत नाही, म्हणाली. माझ्याकडे दोन्ही कान होते. आमच्या कामात शेवटची एक पायरी असते, दुसरी स्क्रीन लावून बघायची. तिच्याकडे दुसरी कुठली असणार? मी म्हटलं, "मोबाईल डोळ्यांसमोर धर. तो नीट दिसतो का सांग."

तिनं फोन कानापासून काढला. मागे तिच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मोबाईल पण उजवेकडसून काळो आसा," ती म्हणाली. "ह्याचीय वायर बघू काय?"

मला हसायला आलं. मग लक्षात आलं, मोबाईलला वायर नव्हती.

"मावशी, खिडकीतून बाहेर बघ. विहिरीजवळचा माड दिसतो?"

"दिसता."

"पूर्ण?"

"झावळां दिसतत. डावेकडची." मग आवाज उतरला. "अर्धोच माड आसा गो."

चिलटं, बंद खोलीतल्या विजा आणि आता हे. मी माझ्या स्क्रीनकडे बघत होते. तिथे कसलाच बिघाड नव्हता, आणि त्याचीच आता भीती वाटत होती.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं."

"उद्या बघूया. सांजचो तास आसा. तिका आज जोडाक्षरां शिकवची आसत."

मी समजावलं, ओरडले, रडवेली झाले. ती शाळेतल्यासारखी "बरा, बरा" म्हणत राहिली. स्क्रीनवर तिच्या माउसचा बाण नातीच्या फोटोवर फिरत होता, उजवीकडे जायचा आणि तिथे हरवल्यासारखा थांबायचा.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. इथून एक बटण दाबलं की समोरच्या माणसाची स्क्रीन पूर्ण काळी होते. मी ती कधी वापरली नव्हती. त्या दिवशी दाबली.

"आता सगळीच काळी झाली!" मावशी किंचाळली.

"मीच केली. तू गाडीत बसेपर्यंत उजळणार नाही."

"लाज नाय वाटत तुका? म्हातारेक काळोखात बसयतंस?"

मी तिचा फोन ठेवला. मावशीच्या शेजारच्या वहिनींना फोन लावला. त्यांच्या घरी आंब्यांचा टेंपो आहे. वहिनी म्हणाल्या, "मी आसंय मा. उचलून टेंपोत घालतंय." आणि त्यांनी ते जवळजवळ तसंच केलं.

कणकवलीच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, वाकून बघितलं आणि आवाज खाली आणून वहिनींना म्हणाले, "आतला पडदा सुटत चाललाय. सुटणं नजरेच्या मधल्या भागापर्यंत आलंय. थांबू नका, कोल्हापूरला न्या." मी बांद्याहून मिळेल त्या गाडीनं कोल्हापूर गाठलं. ऑपरेशननंतर पडदा जागेवर बसावा म्हणून मावशीला पालथं झोपवून ठेवलं होतं. उशीत तोंड खुपसूनच तिनं विचारलं, "घड्याळ गावला?"

किती दिसेल ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तिला म्हटलं, "गावेल."

तिचं घर बंद करताना वहिनींनी फक्त मॉनिटर बंद केला होता, कॉम्प्युटर चालूच राहिला. बांद्याला परतल्यावर मी तो रोज जोडून बघायची. काहीच कारण नव्हतं. जोडणी लागायची आणि समोर काळं यायचं. त्या काळ्यासमोर चहा निवेपर्यंत बसायची आणि ऑफिसातल्या सायबांना वायर काढून लावायला सांगायला लागायची.

एका सकाळी ते काळं गेलं. नातीचा फोटो आला, दात नसलेला. बाण हलला. डावीकडे गेला, फोटोवरून अडखळत उजवीकडे आला, थोडा पुढे गेला आणि कोपऱ्यात घड्याळापाशी येऊन थांबला. मग फोन वाजला.

"घड्याळ आसा," मावशी म्हणाली. "पण आकडे वाकडे दिसतत. पाण्यात पडल्यासारखे."

माझ्याकडे आकडे सरळ होते.

"सरळ कर मगे," ती म्हणाली. "आज तिचो तास घेवचो आसा."

ते सरळ करायची सोय माझ्याकडे नव्हती. मी अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, आणि विचारलं, "आता?"

"वाकडीच आसत," ती म्हणाली. "पण वाचूक येतत."