अजिंकोटचं हळदीकुंकू

"ही नवी आणलीय ना, दिसायला देखणी आहे, यात वाद नाही. पण हिच्यावर माझा काडीचा भरवसा नाही. पहिल्या धक्क्याला पळून जाईल बघ."

हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. बोलले ते वरच्या खोलीत, माझ्या नवऱ्याशी. आणि ऐकलं मी, जिन्याच्या सातव्या पायरीवर, हातात चहाचे दोन कप घेऊन.

सांगावं की गिळून टाकावं, असं चारदा मनात आलं. पण ही फजिती जळगावहून चाळीसगावपर्यंत माझ्याआधी पोचलेली आहे. निदान तुम्हाला तरी माझ्या तोंडून खरी कळू दे!

तर मी सातव्या पायरीवर. आत नवऱ्याचा, म्हणजे मयूरचा आवाज आला. मला वाटलं, आता हा माझ्या बाजूनं काहीतरी बोलेल. बोललाही.

"असं नका म्हणू आबा. अजून रंगही वाळला नाही तिचा."

बघा! हळदीचा रंग म्हणत असणार, नाही का? चार महिने झाले होते लग्नाला.

"म्हणून तर म्हणतो," आबा म्हणाले, "मागे ठेवू तिला. गर्दी तरी दिसेल."

गर्दी! चहा घेऊन मी तशीच उलटी खाली आले. दोन्ही कप स्वयंपाकघरात उभ्यानं मीच पिऊन टाकले. दुसरं करणार काय?

माझं माहेर धुळ्याचं. बोलते मी कमी. लग्नाच्या बायोडाटात 'मुलगी शांत आहे' हे उंचीच्या खाली, वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. त्यात सासर जळगावचं, सासूबाई मूळ यावलकडच्या, त्यांची बोली वेगळी, आमची अहिराणी वेगळी. चुकायला नको म्हणून सासरी मी पुस्तकातली मराठी बोलायचे. इस्त्री केलेला ड्रेस घालून घरात वावरावं, तशी. सगळ्यांची खुशाली विचारायला धुळ्याहून आईचा फोन आला, "कसा शेतस व बठ्ठा?" की मी "चांगला शेतस" म्हणायचे आणि पुन्हा इस्त्रीत शिरायचे.

आणि एवढं जपून वागल्यावर निकाल काय? पहिल्या धक्क्याला पळून जाईल!

मी ठरवलं. पळणार तर नाहीच. पण या घरचं एखादं काम असं करून दाखवायचं, की आबांनी 'भरवसा नाही' हा शब्द परत घ्यावा.

संधी आठच दिवसांत आली. दसरा!

जेवताना मयूर सहज म्हणाला, "दसऱ्याला आबा वरच्या खोलीत अजिंकोट मांडतात. दरवर्षी. चाळीसगावहून नानाही येतात त्यासाठी."

आता तुम्हीच सांगा. खान्देशातली मुलगी मी. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी मांडतात. पूजा मांडतात. तर मग 'अजिंकोट मांडतात' म्हटल्यावर मी काय समजायचं? अजिंठ्याच्या बाजूला कुठेतरी यांच्या कुळदैवताचं ठाणं असेल, एवढंच. प्रत्येक घरचा कुळाचार वेगळा. विचारलं असतं तर 'सुनेला एवढंही माहीत नाही' झालं असतं. नाही विचारलं.

दसऱ्याच्या सकाळी आबा आणि मयूर रिक्षानं नानांना आणायला स्टेशनवर गेले. नाना हे आबांचे जुने मित्र. आबांनी शाळेत भूगोल शिकवला, नानांनी रेल्वेत आयुष्य काढलं. नानांची गाडी लेट होती. सासूबाई मागच्या अंगणात चुलीवर खापर ठेवून मांडे करायला बसल्या, आणि तिथूनच त्यांनी मला काम सांगितलं.

"घरात ज्याला ज्याला धार आहे नाहीतर चाक आहे, त्याला हळदकुंकू लावून घे माय. एकही सुटायला नको."

एकही सुटायला नको! हे वाक्य मी कानात गाठ मारून ठेवलं.

विळी झाली. केळीचा कोयता झाला. अडकित्ता, कात्री, खोबऱ्याची किसणी. मयूरची गाडी, आबांची सायकल, शिलाई मशीन. मग आठवलं, वर अजिंकोट मांडलेलं असणार! तबक घेतलं आणि पहिल्यांदाच त्या खोलीत पाय ठेवला.

काय सांगू! खोलीभर टेबल. टेबलावर शेतातली काळी माती चाळून पसरलेली. दोन्ही बाजूंना हिरवी झाडी. आणि त्या मातीत समोरासमोर माणसंच माणसं! बोटाच्या पेराएवढी. पायातले जोडेसुद्धा रंगवलेले. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या हातात भाला, कुणाकडे धनुष्य. घोडे तर किती! एका बाजूला झूल घातलेले निळे घोडे, इतके ताजे रंगवलेले की नवरदेवाला बसवावं.

एवढ्या माणसांत एकही बाई नव्हती. स्वयंपाक कोण करत असेल यांचा, हे मनात आलंच. पण तलवारीला धार असते की नाही? असते. भाल्याला? असते.

एकही सुटायला नको.

मी काडेपेटीतली काडी घेतली. एका टोकाला कुंकू, दुसऱ्याला हळद, दोन्ही पाण्यात कालवलेली. आणि बसले. हसू नका! एवढ्याशा कपाळाला बोट कसं लावणार? कपाळ कुठे संपतं आणि नाक कुठे सुरू होतं, तेच कळत नव्हतं. काहींना नाकालाच लागलं. घोड्यांनाही लावलं. एकाच्या डोक्यावर मुकुट होता, त्याला जरा जास्तच लावलं आणि खांद्यावर झेंडूची पाकळी ठेवली. पाठ भरून आली, मान आखडली, पण मी उठले नाही. चारशे बारा! मोजले मी. शेवटी अक्षता टाकल्या आणि झेंडूच्या फुलानं दूधपाणी शिंपडलं. चांगलं सढळ हातानं.

तेवढ्यात खाली दार वाजलं. तिघं घरात शिरले ते हात-पाय धुऊन थेट वरच. मी तबक घेऊन कोपऱ्यात उभी. शाबासकी घ्यायला!

नाना पहिले आत आले आणि टेबलाजवळ जागच्या जागी थांबले.

"वसंता," ते आबांना म्हणाले, "आपण पोचायच्या आधीच लढाई झाली का रे?"

आबा पुढे झाले. खिशातून भिंग काढून एकेकाकडे वाकून बघायला लागले.

"माझे बी मेले, तुझे बी मेले," नाना म्हणाले. "आणि नुसते मेले नाहीत, मेले आणि पळाले! मला सांग, आधी मेले का आधी पळाले?"

मला काही कळेना. मयूर माझ्या कानाशी येऊन कुजबुजला. अजिंकोट म्हणजे ठाणंबिणं नव्हतं हो! फ्रान्समधलं गाव. खरं नाव आझँकूर. सहाशे वर्षांपूर्वी तिथे इंग्रज आणि फ्रेंचांची मोठी लढाई झाली होती. आबा आणि नाना फासे टाकून, पट्टीनं अंतर मोजून, दरवर्षी ती पुन्हा लढतात. आबा फ्रेंच, नाना इंग्रज. आणि सैनिक पडला की त्याला सासूबाईंच्या पाकिटातली टिकली लावायची. लाल टिकली म्हणजे मेला. पिवळी म्हणजे भेदरून पळाला.

लाल आणि पिवळं. मी तबकाकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. चारशे बारा जण, लाल आणि पिवळे, माझ्याकडे बघत होते.

"आणि हे रान बघ!" नानांनी मातीत बोट घातलं. बोट रुतलं. "चिखल! अरे वसंता, पाच वर्षं तुला सांगतोय, आदल्या रात्री पाऊस झाला होता, रान ओलं पाहिजे. तू ऐकत नाहीस. सूनबाईनं बरोबर पाऊस पाडला!"

"पाडायचाच नव्हता मला," आबा पहिल्यांदा बोलले. "काळ्या रानात पाऊस झाल्यावर आपण बैल घालत नाही, आणि या येड्यांनी घोडे घातले होते. म्हणून तर हरले. एकदा, एकदाच, कोरड्या रानात लढू दे म्हटलं त्यांना."

बिचारे आबा! सहा महिने भिंगातून रंगवत होते. मुकुटवाल्या राजाला उचलून त्यांनी त्याच्या नाकावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. कुंकू निघालं. हळद नाही निघाली.

"सूनबाई, हे तू केलंस?"

"हो."

"सगळ्यांना?"

"एकही सुटला नाही आबा," मी म्हणाले. म्हणजे बघा, अजूनही मला शाबासकीची आशा होती!

सासूबाई हाताचं पीठ झटकत वर आल्या होत्या. त्या दारातूनच ओरडल्या, "अगं माय, मी विळीचं म्हटलं होतं!"

"आई, तुम्ही म्हणालात, ज्याला धार..."

"थांबा वहिनी," नाना म्हणाले. ते आता हसत नव्हते. "चारशे कपाळं कुणी उगाच भरत नाही. पोरी, खरं सांग, कशापायी एवढं केलंस?"

तिथे गप्प बसायला हवं होतं मी. चार महिने जमलं होतं की! पण तोंड उघडलं आणि पुस्तकातली मराठी घसरायला लागली.

"आबा म्हणाले होते, ही नवी पहिल्या धक्क्याला पळून जाईल. मागे ठेवू, गर्दी दिसेल. मी... मी पळणार नाही आबा. मला इथंच राहायचंय."



"कधी ऐकलंस हे?" मयूरनं विचारलं.

"जिन्यात. चहा आणला होता."

मयूरनं कपाळावर हात मारला आणि खुर्चीत बसला. त्याचे खांदे हलायला लागले. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी टेबलाच्या डाव्या बाजूचा एक निळा घोडा चिखलातून अलगद उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ही नवी," ते म्हणाले. "घोडेस्वारांची तुकडी. गेल्या महिन्यात पार्सलनं आली. मयूर म्हणत होता, रंग वाळला नाही, आणि मी म्हणत होतो, बाण सुटले की पळून जाईल. दरवर्षी पळतेच फ्रेंचांची डावी बाजू."

मी घोड्याकडे पाहिलं. घोड्यानं कुंकवाच्या नाकानं माझ्याकडे पाहिलं.

"आठ दिवस पोरगी मनात घेऊन फिरली!" सासूबाई आबांवर कडाडल्या. "जरा दार लावून बोलत जा!"

"चुकलं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू गं! चारशे बारा जणांची कपाळं भरेपर्यंत जागची हलली नाहीस. माझ्या सैन्यात असा एक असता, तर या नान्याला मी केव्हाच चाळीसगावला पिटाळला असता. तू कसली पळतेस!"

भरवसा! शब्द परत घेतला होता त्यांनी. नाना हसत होते, मयूर डोळे पुसत होता, सासूबाईंनी माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही काय बोलते म्हणून. आबांची माफी मागायची ती वेळ होती. शांत, संस्कारी मुलीनं तेच केलं असतं.

पण माझं मन आठ दिवसांमागे, सातव्या पायरीवर, त्या पहिल्या वाक्याच्या सुरुवातीशी जाऊन अडकलं होतं. आणि या घरात पहिल्यांदाच मी मोठ्यानं, खणखणीत धुळ्याच्या अहिराणीत बोलले:

"म्हंजे आबा... ते 'दिसायला देखणी' बी या घोडासलेच म्हनेल व्हतं का?"