दारूगोळ्याचा अर्ज

"भेव लागून राहिलं? लागू दे. काम नोको थांबवू."

आमच्या नर्सबाई हे म्हणायच्या तेव्हा समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या, नाडी पाहिल्यासारखी. बाळंतिणीला हेच, विहिरीत उतरणाऱ्या गड्याला हेच, मलाही हेच. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. गाव तिला हसतं आणि वेळ आली की तिच्याच दारात उभं राहतं.

गाव सानगडीकडचं, धानाचं. मी तिथल्या शाळेत मास्तरीण होते. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

राजस्थानात अणुस्फोट झाला त्या उन्हाळ्यात सरपंचांच्या ओसरीवर पेढे वाटले. बाईंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कोणाकडं पोरगं झालं? मले कसं मालूम नाई?" गावातलं प्रत्येक पोर त्यांच्याच हातून जन्माला यायचं, म्हणून सगळे हसले.

"पोरगं नाई, बाई. आपल्या देशानं बॉम्ब फोडला."

बाईंनी पेढा ताटात परत ठेवला. "मंग पेढा कायले?"

पुढं काही वर्षांनी त्या नागपूरला बायांच्या एका सभेला जाऊन आल्या. देशोदेशीच्या बाया बॉम्बविरुद्ध, लढायांवरच्या खर्चाविरुद्ध सह्या गोळा करताहेत, हे त्यांनी तिथं ऐकलं. आल्या त्या थेट माझ्याकडं. "आपण बी सरकारले अर्ज करू. मी सांगतो, तू लिही. बॉम्ब नोको, बंदुका नोको, तो पैसा बाळंतपणाच्या दवाखान्याले द्या."

मी पडले बी.ए. 'बॉम्ब' हा शब्द मला हलका वाटला. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'दारूगोळ्याचे उत्पादन त्वरित बंद करावे.'

देवळामागं बाया जमल्या. मी अर्ज वाचून दाखवला. अंगठ्यांसाठी एवढी रेटारेटी होईल असं वाटलं नव्हतं. एक आजी शाई पुसत म्हणाली, "माह्या पोराचं नाव बी टाक व त्याच्यात." मला वाटलं, तिला पोराचीही सही हवी. मला कौतुक वाटलं.

अर्ज गेल्यावर दहा दिवसांनी त्याच आजीनं तळ्यावर बाईंना अडवलं. "काहून व नर्सबाई, भट्टी तं सुरूच हाये. दारू कवा बंद होईन?"

माझ्या भारी शब्दातली बायांनी फक्त दारू ऐकली होती. आजीनं पोराचं नाव टाक म्हटलं होतं, ते त्याची दारू सुटावी म्हणून. आमच्या जिल्ह्यात दारूगोळ्याचा कारखाना, गावचे तिघं तिथं कामाला, आणि त्यांच्याच बायकांचे अंगठे अर्जावर.

मी म्हटलं, "आता गप्प राहू."

"फसवून घेतलेला अंगठा मले नोको," बाई म्हणाल्या आणि घरोघरी सांगत निघाल्या. मी चार पावलं मागं. काही बाया म्हणाल्या, राहू दे, ते बी वाईटच हाये. कारखान्यातल्या एकाच्या बायकोनं मात्र दारातच धरलं. "माह्या चुलीत पाणी ओतलं, अन् आता सांगाले आली?" तिचं नाव कमी करा, असं पत्र बाईंनी स्वतः पाठवलं.

मग कुणकुण लागली की चौकशी होणार. ज्याचं अक्षर, तो पुढारी. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते, आणि घरी माझ्या पगारावर पाच माणसं जेवत होती. साकोलीची गाडी आली की कोण उतरतं ते मी वर्गाच्या खिडकीतून पाहायची. मी फळ्यावर मुद्दाम वाकडं लिहू लागले. पोरी म्हणाल्या, "बाई, तुमचा हात दुखून राहिला काय?" गावात सगळ्यांना ठाऊक होतं अर्ज कोणी लिहिला. कोणी बोललं नाही.

चौकशीचा माणूस आला तेव्हा साध्या कपड्यात होता. बाईंच्या दवाखान्यात बसला आणि साक्षीला कोणीतरी शिकलेलं हवं म्हणून मलाच बोलावून घेतलं.

"कोणी लिहिलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या.

"लिहून दाखवा."

किती बाळंतपणांत मी त्यांच्याबरोबर कंदील धरून उभी राहिले होते. त्यांना लिहिताना पहिल्यांदाच पाहत होते. 'दारु गोळा' त्यांनी तोडून लिहिलं, औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं. त्यानं दोन्ही कागद माझ्यापुढं सरकवले. माझं अक्षर आणि त्यांचं, शेजारी शेजारी.

"तुम्ही शिकलेल्या. अक्षर एकच आहे?"

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"एकच आहे," मी म्हणाले.

त्यानं तसं लिहून घेतलं, आणि साक्षीदार म्हणून मी खाली सही केली. इंग्रजीत केली.

आठवड्याच्या आत बाईंची बदली झाली, देवरीच्याही पुढं, जंगलात. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत. निघाल्या त्या दुपारच्या गाडीनं. थांबा शाळेच्या समोरच होता. ट्रंकेवर बसल्या होत्या म्हणे. पोरी खिडकीशी गोळा झाल्या. "बाई, नर्सबाई चालल्या. इकडंच पाहून राहिल्या."

मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहिले. गाडी आली, थांबली, गेली. धूळ वर्गात आली तरी मी लिहीतच होते.

"बाई," मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "फळा भरला."